आधी लग्नाचं बोला, पोरांचं नंतर

जनगणना जवळ आली की आपल्याकडे एक ठरलेला खेळ सुरू होतो. २०२१ ची जनगणना लांबत लांबत २०२७ वर आलीये, आकडे यायला अजून वेळ आहे, पण लोकांनी निकाल कधीच लावून टाकलाय: 'त्यांची' वाढतायत आणि 'आपली' कमी होतायत. फॅमिली ग्रुपवर एखादे काका ही भीती सकाळच्या सुप्रभातासोबत पाठवतात, आणि तेच काका आठवड्याभराने पारशी लोकांवरचा हळवा मेसेज टाकतात, की बघा किती सज्जन समाज, देशासाठी एवढं केलं आणि आता मूठभर उरलेत, जपायला हवेत. म्हणजे एक अल्पसंख्य समाज वाढतोय म्हणून झोप उडालेली आणि दुसरा संपतोय म्हणून डोळ्यात पाणी. काकांना हा प्रश्न काही पडत नाही की अल्पसंख्य असणं हेच जर पोरांच्या संख्येचं कारण असेल तर एकाच मुंबईत, एकाच लोकलने फिरणाऱ्या दोन समाजांची गत एवढी उलटी कशी काय.

माझं म्हणणं सरळ आहे. धर्म, जात, परप्रांतीय असणं, परदेशात उपरं असणं, या सगळ्याचा पोरांच्या संख्येवर परिणाम होतो, कोण नाही म्हणतंय, पण तो होतो लग्नाच्या वाटेने. लग्न कितव्या वर्षी होतं, कोणाशी करायची मुभा आहे, झाल्यावर दोघं एका छपराखाली राहू शकतात का, आणि पाच वर्षांनी आपण कुठे असू याची थोडीफार खात्री आहे का. पाळणा हलेल का, कधी हलेल, किती वेळा, हे तिथे ठरतं. आपण मात्र लग्नाकडे न बघता थेट पाळणे मोजायला बसतो.

आधी आकडे घेऊ म्हणजे हवेत बोलणं नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील याचा जो दर काढतात तो तेव्हा देशात २.० आला, महाराष्ट्रात १.७. धर्मानुसार बघितलं तर हिंदू १.९४, मुस्लिम २.३६, ख्रिश्चन १.८८, शीख १.६१, जैन १.६ आणि सगळ्यात खाली बौद्ध, १.३९. आता मुस्लिमांचा दर जास्त आहे हे खरंच आहे, पण १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत तो ४.४ होता आणि हिंदूंचा ३.३. म्हणजे तीस वर्षांपूर्वी दोघांत एका मुलाहून जास्त फरक होता, तो आता अर्ध्या मुलाच्याही खाली आलाय, आणि सगळ्यात जोरात घसरण झालीये ती मुस्लिमांचीच. त्याच पाहणीत जम्मू-काश्मीरचा दर १.४, लक्षद्वीपचाही १.४, दोन्ही मुस्लिमबहुल. बिहारचा ३. धर्मच जर ठरवत असता तर हे गणित जमलं नसतं. काश्मीरमधली मुलगी उशिरा लग्न करते, बिहारमधली लवकर, मग ती कुठल्याही धर्माची असो.

बौद्धांचा आकडा मला जास्त बोलका वाटतो आणि त्यावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे हा १.३९ मुख्यतः आपल्या इथला, नागपूर-अकोला-औरंगाबाद-मुंबईतला आकडा आहे. पैसेवाला समाज म्हणावा तर नाही, शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलेला, अल्पसंख्य तर आहेच. मग 'गरीब आणि अल्पसंख्य म्हणजे पोरं भरपूर' हा नियम इथे का मोडला? बाबासाहेबांच्या गटाने १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता, तो रोहम यांनी मांडला आणि तो दणकून आपटला. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषदेत जमलेल्या बायकांना बाबासाहेबांनी सांगितलं की लग्नाची घाई करू नका, आणि जास्त मुलं होऊ देणं हा गुन्हा समजा. १९४२ मध्ये! तेव्हा बाकीच्या पुढाऱ्यांना असलं काही व्यासपीठावरून बोलायची लाज वाटायची. आता एका भाषणाने दर खाली येत नाही हे मलाही कळतं, पण शिक्षण हीच एक शिडी आहे आणि तिच्यावर प्रत्येक पोराला चढवायचं तर पोरं कमीच हवीत, हा हिशोब त्या समाजात दोन-तीन पिढ्या आधी पोचला. १९६९ साली दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट तिथल्या ज्यू आणि शिकलेल्या काळ्या कुटुंबांबद्दल मांडली होती, की ज्या अल्पसंख्याकांना वर चढायची ओढ असते आणि आपलं स्थान डळमळीत आहे याची जाणीव असते ते बहुसंख्याकांपेक्षाही कमी मुलं होऊ देतात. फक्त त्याला अट आहे: शिडी खरी असली पाहिजे. शिकून नोकरी लागते असं आजूबाजूला दिसलं पाहिजे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर ज्याचं आयुष्य जाणार हे बारा वर्षांचा असतानाच नक्की झालंय त्याने आणि त्याच्या बहिणीने लग्न कशासाठी लांबवायचं? तिथल्या मुलींच्या शाळा-कॉलेजं भरायला लागली तसा दर खाली यायला लागला, त्यासाठी कोणी कोणाला धमकवावं लागलं नाही.

आता पारशी. इथे जरा थांबतो, कारण स्थलांतर आणि अल्पसंख्य असणं या दोन्हीचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. इराणातून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेले, हजार वर्षांहून जास्त इथे मुरलेले, १९४१ मध्ये १ लाख १४ हजार, २०११ मध्ये ५७,२६४. सत्तर वर्षांत देश तिप्पट-चौपट झाला आणि हे निम्मे झाले. दर बाईमागे एक मूलसुद्धा नाही. का? शिकलेले, श्रीमंत, शहरी म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे, कारण शिकलेले श्रीमंत शहरी जैनही आहेत आणि ते काही निम्मे झालेले नाहीत. पारश्यांचं वेगळेपण लग्नात आहे. एक तर दर दहा माणसांत तीनेक जण लग्नच करत नाहीत. तुमच्या ओळखीत एखादा जुन्या वळणाचा पारशी गृहस्थ असेल तर तो, त्याची अविवाहित बहीण आणि आई, एका मोठ्या फ्लॅटमध्ये तिघं, असं घर तुम्ही बघितलेलं असणार. मी अशी घरं बघितलीत, बँकेत पासबुक भरायलाही बहीण-भाऊ जोडीने यायचे, टापटीप, इस्त्रीचे कपडे, आणि नॉमिनीच्या रकान्यात एकमेकांचंच नाव.

दुसरं, लग्न करायचं तर कोणाशी. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात एक गाजलेला खटला झाला. रतनजी दादाभाई टाटांनी सुझान नावाच्या फ्रेंच बाईशी लग्न केलं, तिचा नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, केला, आणि ती पारशी धरायची का, अग्यारीत आणि दख्म्यात, म्हणजे मृतदेह ठेवायच्या बुरुजात, तिला हक्क आहे का यावरून पंचायतीत रणकंदन माजलं. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी जे लिहिलं त्यातून पुढे प्रथाच पडली: बाप पारशी असेल तर आई परकी असली तरी पोरं पारशी, पण आई पारशी आणि बाप परका असेल तर नाही. त्या सुझानबाईंचा मुलगा म्हणजे जेआरडी टाटा. म्हणजे भारतातला बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध पारशी हा मिश्र लग्नाचं मूल होता, आणि हेच लग्न त्यांच्या एखाद्या आत्याने परक्याशी केलं असतं तर तिची पोरं समाजाच्या वहीत आली नसती. शंभर वर्षं उलटली तरी हे संपलेलं नाही. वलसाडच्या एका पारशी बाईने हिंदू नवऱ्याशी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलं, ॲक्टचा हेतूच हा की धर्म न बदलता लग्न करता यावं, आणि तरी २०१२ मध्ये गुजरात हायकोर्टाने म्हटलं की लग्नानंतर बाई नवऱ्याच्या धर्मात जमा. आईबापाच्या अंत्यविधीला उभं राहता यावं एवढंच तिचं मागणं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापर्यंत गेलं तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या अंजुमनने, म्हणजे तिथल्या पारशी संस्थेने, तेवढी परवानगी दिली.

याचा लोकसंख्येशी संबंध काय? अहो, सगळाच संबंध आहे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या पारशी मुलीला पन्नास-साठ हजारांच्या, त्यातही तिसरा हिस्सा साठीपुढच्या, समाजात मनासारखा मुलगा किती सापडणार? ती बाहेर लग्न करते, तिला एक-दोन मुलं होतातही, पण ती समाजाच्या हिशोबात धरली जात नाहीत. नाहीतर ती लग्नच करत नाही. दोन्हीकडून पाळणा रिकामाच दिसतो. जन्म कमी आहेत हे खरं, पण काही जन्म झालेत आणि दाराबाहेर उभे केलेत हेही तितकंच खरं, आणि दुसऱ्याबद्दल कोणी सरकारी योजना काढत नाही.

पहिल्याबद्दल काढली. सप्टेंबर २०१३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने 'जियो पारसी' सुरू केली, मूल होत नसेल तर उपचाराला पैसे, आयव्हीएफला मदत, वगैरे. पुढच्या वर्षी त्याच्या जाहिराती आल्या त्या तुम्हाला आठवत असतील. एकीत म्हटलं होतं की जबाबदारीने वागा, आज रात्री कंडोम वापरू नका. दुसरीत दादर पारशी कॉलनीचा फोटो आणि खाली अशा अर्थाचं की तुम्ही लग्न करून पोरं काढली नाहीत तर तुमच्या हयातीत इथली हिंदू कॉलनी होईल. दादरकरांना माहितीये की हिंदू कॉलनी तिथे आधीपासून शेजारीच आहे, रस्ता ओलांडला की लागते, आणि पारशी कॉलनीतल्या झाडांखाली फिरायला निम्मी हिंदू कॉलनीच येते. विनोद म्हणून ठीक. पण त्या जाहिरातींवर पारशी बायकाच भडकल्या होत्या, आणि बरोबर भडकल्या होत्या, कारण सगळा दोष पुन्हा 'करिअरवाल्या, नखरेल, लग्न लांबवणाऱ्या' मुलींच्या पदरात. बापाकडून वारसा आणि आईकडून नाही या नियमावर एकाही जाहिरातीत अवाक्षर नाही. दहा वर्षांत योजनेतून चारशेच्या आसपास बाळं झाली, त्या घरांसाठी ती लाखमोलाची आहेत, माझा योजनेला विरोधच नाही, उपचार मिळालेच पाहिजेत. पण समाज वाचवायचा म्हणून बाईच्या गर्भाशयावर खर्च करायचा आणि तिच्या लग्नावरची बंदी तशीच ठेवायची, हे नळ बंद ठेवून टाकी का भरत नाही म्हणून प्लंबर बोलावण्यासारखं आहे.

जाता जाता एक आपल्या घरची गोष्ट, कारण लग्नाच्या दारात उभं करणं ही पारश्यांची मक्तेदारी नाही. अलिबाग-रेवदंडा-पेणचे बेने इस्रायली, घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद म्हणून गावात 'शनिवार तेली', घरात मराठी, आडनावं पेणकर-नवगावकर अशी. इस्रायल झाल्यावर त्यातले बहुतेक तिकडे गेले. तिथे ज्यूंचंच राष्ट्र, म्हणजे आता आपण बहुसंख्य, असं वाटून गेलेली ही माणसं, आणि लग्न लावायची वेळ आली तेव्हा तिथल्या धर्मपीठाने म्हटलं की थांबा, तुमच्या आजी-पणज्या नक्की ज्यू होत्या का ते तपासू. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, प्रकरण संसदेत गेलं, मग तो खास त्यांचं नाव घालून काढलेला फतवा मागे घेतला गेला. कोकणात उपरे, तिकडेही उपरे. स्थलांतर केलेल्या माणसाला पहिला खोडा घालतात तो त्याच्या लग्नात, नोकरी आणि घर त्याच्या मागून येतात.

आता स्थलांतर. हा शब्द ऐकला की आपल्याला एक तर न्यू जर्सी आठवतं नाहीतर बिहारहून येणारी ट्रेन. मला बीड आठवतो. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, अहिल्यानगरच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाला जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती 'कोयत्या'ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. आता या एका नियमाचं काय होतं बघा. पोरगा सतरा-अठराचा झाला की घरच्यांना वाटतं याचं लग्न करून टाकलं तर एक पूर्ण कोयता वाढतो, घरावरचं कर्ज फिटतं. दुसरीकडे मुलीच्या आईबापाला सहा महिने फडात जायचंय, चौदा-पंधराची पोर गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची तर जीव टांगणीला, फडात न्यायची तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही. मग उरकून टाका लग्न. गाड्या निघायच्या आधी घाईघाईत लावलेल्या या लग्नांना तिकडे 'गेटकेन' म्हणतात. पाचव्या पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के अशा निघाल्या की ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचा आकडा २१.९. दुप्पट. हे कुठल्या धर्माने सांगितलं? कुठल्याच नाही. उचलीच्या पद्धतीने सांगितलं.

आणि त्या बायकांना पोरं किती होतात हे विचाराल तर आकड्यात काही भयंकर दिसणार नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिलं, विसाव्याला दुसरं, बाविसाव्याला ऑपरेशन. दोन-तीनच पोरं. सरकारच्या डोळ्यांनी बघितलं तर आदर्श छोटं कुटुंब! पण त्यानंतर ती बाई पहाटे चारला मोळ्या बांधायला लागते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, पाळीच्या दिवसांत ना पाणी ना संडास, एक दिवस बसली तर खाडा धरतात आणि पैसे कापतात, अंगावरून जायला लागलं की गावी आल्यावर खासगी दवाखान्यात कोणीतरी सांगतं की पिशवी खराब झालीये, कॅन्सर होईल, काढून टाका. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार आठशेहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली, सहात एक, आणि त्यातल्या कितीतरी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आला. मला म्हणायचंय एवढंच की 'दर बाईमागे मुलं' हा आकडा या बाईबद्दल काहीच सांगत नाही. १.७ च्या आत पुण्यातली आयटीवाली पण बसते आणि बीडची कोयतावाली पण बसते.

बिहार-यूपीहून मुंबईत येणाऱ्याचं याच्या बरोबर उलट. तो येतो एकटा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ जण, बायको गावाला, छट-होळीला पंधरा दिवस गाठ. आणि आपल्याकडे ओरड अशी की हे येऊन इथे लोकसंख्या वाढवतात. अरे, वाढवायला बायको तरी बरोबर पाहिजे ना! ज्यांना पुढे झोपडं का होईना स्वतःचं मिळतं आणि जे फॅमिली आणतात त्यांची पोरं इथल्या शाळेत गेली की इथल्या खर्चाने त्यांचाही हिशोब बदलतो. मुंबईचं भाडं, ट्यूशनची फी आणि पाण्याची रांग सगळ्यांना सारखं शिकवतात, त्याला भाषा लागत नाही.

परदेशात गेलेल्यांबाबत तर आकडे वाचायलाच एक खोच आहे. फ्रान्समध्ये २०१७ साली तिथे जन्मलेल्या बायकांचा दर १.७७ होता आणि बाहेरून आलेल्यांचा २.६. बघा बघा, म्हणून तिकडचे काकाही ओरडतात. पण सगळ्या देशाचा मिळून दर १.८८ होता, म्हणजे बाहेरच्यांमुळे पडलेला फरक एका मुलाचा दहावा हिस्सा. शिवाय तो २.६ सुद्धा फुगलेला असतो, कारण बाई परदेशात जाते तीच बऱ्याचदा लग्न होऊन जाते, नाहीतर नवऱ्याने बोलावलं म्हणून जाते, जायच्या आधीची चार-पाच वर्षं पासपोर्ट-व्हिसा-ताटातुटीत मूल झालेलं नसतं, आणि पोचल्यावर दोन-तीन वर्षांत जे व्हायचं ते होतं. आकडा त्या दोन-तीन वर्षांचा घेतात आणि तोच आयुष्यभर चालू राहील असं धरून गुणाकार करतात.

आपल्या माहितीतलं उदाहरण घ्या की. पुण्यातली इंजिनियर मुलगी एच-वनवाल्याशी, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्याशी, लग्न करून एच-फोरवर, म्हणजे त्याच्या बायकोच्या व्हिसावर, जाते. २०१५ पर्यंत तर तिला तिथे काम करायची परवानगीच नव्हती, त्यानंतर मिळाली तीही ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल ठरावीक टप्प्यावर पोचलीये त्यांनाच. घरात बसून करायचं काय, मग मूल. म्हणजे तिकडे तिच्याएवढी शिकलेली अमेरिकन बाई तिशीकडे ढकलते ते ही आधीच उरकते, आणि त्याला आपण 'आपले संस्कार' म्हणतो. दुसऱ्या मुलाचं मात्र घोडं अडतं. एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांत सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, भारतीयांची रांग दहा लाखांच्या वर, इथून नेलेलं मोठं मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापाच्या अर्जातून बाहेर. आणि बाळंतपण करायचं कोणी? आधी मुलीची आई सहा महिने, ती परतली की मुलाची आई सहा महिने, हे वेळापत्रक व्हिजिटर व्हिसावर चालतं, डिंकाचे लाडू बॅगेत, आळीव वेगळ्या पुडीत. कोविडनंतर मुंबईत त्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला दीड-दोन वर्षं लागत होती तेव्हा कितीतरी घरांत दुसऱ्या मुलाचा विषय त्या तारखेला बांधला गेला होता. मग २० जानेवारी २०२५ ला ट्रम्पने शपथ घेतल्या घेतल्या ऑर्डर काढली की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांना तिथे मूल झालं तरी त्याला नागरिकत्व नाही, महिन्याभराने लागू. कोर्टांनी लगोलग अडवलं ते वेगळं, पण त्या महिन्यात भारतीय जोडपी २० फेब्रुवारीच्या आत सिझेरियन करून मिळेल का म्हणून डॉक्टरांकडे विचारणा करतायत अशा बातम्या आल्या. सातव्या-आठव्या महिन्यात! इथे जे काका 'त्यांची' पोरं मोजतात त्यांचीच भाची तिकडे 'त्यांच्यात' मोजली जातेय, हे काकांच्या लक्षात येत नाही.

आता माझ्या म्हणण्याला एक मोठं छिद्र आहे ते मीच दाखवतो, नाहीतर कोणीतरी दाखवणारच. सगळंच जर परिस्थितीने ठरत असेल तर परिस्थिती बदलल्यावर सगळं बदलायला हवं. तसं होत नाही. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत चिनी, कोरियन आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांकडे बघितलं तेव्हा पहिल्या दोन मुलीच असतील तर तिसऱ्या खेपेला मुलगे मुलींच्या दीडपट निघाले. गोऱ्यांमध्ये असलं काही नव्हतं. म्हणजे घर बदललं, डॉलर आले, पोरं तीनाची दोन झाली, आणि मुलगा पाहिजे हे मात्र बॅगेतून तसंच्या तसं गेलं. तेव्हा संस्कृती नावाची चीज आहे, ती चिवट आहे. फक्त ती 'किती' यात लवकर हार मानते आणि 'कोण' यात मानत नाही, मुलगा का मुलगी यात, आणि जावई-सून कोण यातही. म्हणून तर मी लग्नाकडे बोट दाखवतोय.

आणि सरकारं? त्यांना फक्त 'किती' दिसतं. आपल्या राज्यात २००१ पासून तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेचं सदस्यपद जातं, २००५ च्या नियमाने सरकारी नोकरीलाही ती अट लागली. निवडणुकीसाठी तिसरं मूल भावाच्या नावावर दाखवल्याचे किस्से प्रत्येक तालुक्यात आहेत. त्याच देशात पारश्यांना पोरं काढा म्हणून पैसे. आंध्रने २०२४ मध्ये ही दोन अपत्यांची अट काढून टाकली आणि चंद्राबाबू आता जास्त मुलांचं आवाहन करतायत, त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला सरसंघचालकांनी तीन मुलं हवीत म्हणून सांगितलं. एकाला दोनच, एकाला तीन, एकाला होतील तितकी. बाईला विचारतंय कोण? आणि हे सगळे सल्ले झालेल्या लग्नानंतरचे, लग्न कसं होतंय याबद्दल एकही नाही.

मला विचाराल तर पारश्यांनी काय करावं हे पारश्यांनी ठरवावं, बाहेरच्याने अग्यारीच्या दारात उभं राहून भाषण देऊ नये, पण सरकारी पैसा घेताना आईकडून वारसा धरणार का एवढं विचारायला हरकत नव्हती. बीडबाबत मात्र बाहेरचं कोणी नाही, ते आपलंच आहे, आपल्या चहातल्या साखरेचं आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं काढायचं २०२१ मध्ये ठरलं, ४१ तालुके, मुलांचं एक मुलींचं एक, अशी ८२. माझ्या मते राज्यातली सगळ्यात महत्त्वाची कुटुंबनियोजन योजना हीच आहे, तिच्या नावात कुटुंबही नाही आणि नियोजनही नाही तरीसुद्धा. चौदा वर्षांच्या पोरीला हंगामाचे सहा महिने सुरक्षित कॉट, दोन वेळचं जेवण आणि दहावीचं सेंटर मिळालं की तिचं लग्न आपोआप तीन-चार वर्षं पुढे जातं, मग तिला पोरं किती होतील याची काळजी आरोग्य खात्याने करायची गरज नाही. दरवर्षी गाड्या भरायच्या आधी कुठल्या तालुक्यात मुलींच्या किती जागा भरल्या, किती ठिकाणी अजून भाड्याची इमारत आहे, वॉर्डन नेमली का, हे जिल्हा परिषदेच्या सभेत कोणीतरी उभं राहून विचारलं पाहिजे, आणि विचारणारा सदस्य तीन पोरांचा बाप निघाला तरी माझी काही तक्रार नाही.